पावसामुळे शर्यत थांबली आहे

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डेटोना म्हणून एक गाव आहे. तिथे दर फेब्रुवारीत चाळीसेक मोटारी एका रिंगणाला दोनशे फेऱ्या घालतात, पाचशे मैल पळतात आणि निघाल्या होत्या तिथेच येऊन थांबतात. वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, वळणावर रस्ता एकतीस अंशांनी कललेला, शेजारच्या गाडीत नि आपल्या गाडीत हातभर अंतर. ही माणसं पाहिली की वाटतं, यांना यमाचंही भय नसणार. मग आभाळातून चार थेंब पडतात. लाल झेंडा वर जातो, गाड्या रांगेत उभ्या राहतात, त्यांच्या अंगावर खोळी चढतात आणि हे शूरवीर खिडकीतून बाहेर येऊन छत्री शोधू लागतात. खिडकीतून, कारण या गाड्यांना उघडणारी दारंच नसतात.

चिंचवडच्या माणसाला हे ऐकून हसू आलं नाही तर नवल. आम्ही जून ते सप्टेंबर भिजत कामावर जाणारी जमात. रेनकोटच्या आत डबा, डब्याभोवती पिशवी, पिशवीत मोबाईल आणि गेटवरचं कार्ड दातात. ‘पाऊस होता म्हणून आलो नाही’ असं सुपरवायझरला सांगून पाहा. तो जे उत्तर देईल ते मासिकात छापता येणार नाही.

पण थांबण्याचं कारण वाजवी आहे. त्या गाड्यांच्या टायरला नक्षीच नसते. आपल्या टायरवर ज्या खाचा असतात त्या शोभेच्या नव्हेत. रस्त्यावरचं पाणी त्यांतून बाजूला फेकलं जातं आणि रबर डांबराला टेकलेलं राहतं. कोरड्या रस्त्यावर मात्र खाचा नसलेला गुळगुळीत टायर जास्त पकड देतो, कारण तेवढं जास्त रबर जमिनीला लागतं. म्हणून डेटोनात टायर मुद्दाम गुळगुळीत ठेवतात. पाणी साचलं की हाच टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग एकतीस अंशांच्या उतारावर कुठे जायचं ते गाडीच ठरवते. शिवाय त्या गाडीला वायपर नसतो. पुढचे दिवेही खरे नसतात, दिव्यांच्या चित्रांचे स्टिकर असतात. अशी गाडी मोशीपर्यंतसुद्धा नेऊ नये.

सुरुवातीला हे असं नव्हतं. ही शर्यत भरवणारी नॅसकार ही संस्था १९४८ साली बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने काढली आणि १९४९ च्या जूनमध्ये शार्लट गावी पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत लावली. नियम एकच: दुकानातून घेतली तशी गाडी आणायची, तिला हात लावायचा नाही. ग्लेन डनवे नावाचा गडी पहिला आला. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा जास्तीच्या ताठ केलेल्या सापडल्या. ती गाडी हातभट्टीची दारू वाहायची. दारूच्या वजनाने गाडीचं बूड खाली बसून पोलिसांना संशय येऊ नये, म्हणून ती योजना. डनवे बाद झाला आणि दुसऱ्या नंबरच्या जिम रोपरला बक्षीस मिळालं. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला ही गोष्ट सांगा. तो बाद करणाऱ्यांच्या बाजूने बोलणार नाही. ‘पण सस्पेन्शनचं काम चोख केलं होतं ना?’ एवढंच विचारील.

पावसाने थांबलेल्या शर्यतीतला खरा मजकूर त्या थांबण्यातच असतो. २०१४ साली डेटोनाची शर्यत सहा तासांहून जास्त अडकली. टीव्हीवाल्यांनी वेळ भरून काढायला आदल्या वर्षीची शर्यत दाखवायला सुरुवात केली. ती जिमी जॉन्सनने जिंकली होती. झालं! असंख्य लोकांनी जिमीचं भरभरून अभिनंदन केलं. बिचारा तेव्हा पाऊस थांबण्याची वाट बघत बसला होता.

त्याआधी २०१२ साली तर पावसाने कमाल केली. डेटोनाच्या इतिहासात पहिल्यांदाच रविवारची शर्यत सोमवारवर गेली. ती चालू असताना रस्ता साफ करायला एक ट्रक फिरत होता. त्या ट्रकवर विमानाचं जेट इंजिन बसवलेलं असतं. ओला रस्ता सुकवायलाही तोच वापरतात. ह्वान पाब्लो माँटोयाची गाडी बिघडली, घसरली आणि त्या ट्रकवर जाऊन आदळली. जेटचं इंधन रस्त्यावर सांडलं आणि पेटलं. सुदैवाने माणसं वाचली. आग विझल्यावर मात्र प्रश्न उरला की तेलकट, करपलेला रस्ता धुवायचा कसा? जगातल्या सगळ्यात महागड्या शर्यतींपैकी एक, हाताशी जेट इंजिनं, हेलिकॉप्टरं, तज्ज्ञ. आणि शेवटी आणलं काय, तर कपडे धुवायची टाईड पावडर. रस्ता घासून धुतला. तोवर ब्रॅड केसेलोव्स्की हा चालक रांगेत उभ्या गाडीतून मोबाईलवर फोटो टाकत होता. शर्यत संपली तेव्हा मंगळवार उजाडला होता. जिंकला मॅट केन्सेथ. हाच केन्सेथ २००९ साली १५२ व्या फेरीला पाऊस आल्यामुळे तिथेच विजयी ठरला होता. निम्मी शर्यत झाली असेल तर पाऊस येतो तेव्हा जो पुढे असेल तो जिंकला, असा तिथला कायदा आहे. एकदा पावसाने लवकर संपवून, एकदा उशिरा सुरू करून, दोन्ही वेळा लाभ याच गृहस्थाला. हा पावसाचा जावईच म्हणायचा.

आता हे सगळं आमच्या पट्ट्यात का आठवावं? तर इथे गाड्या इतक्या होतात की मोजदाद ठेवणं अवघड. पिंपरीत टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, १९९८ साली इंडिका इथूनच निघाली. चाकणला पुढे बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा. एवढं असून बराच काळ मोटारींची मोठी शर्यत इथे होत नव्हती, कारण ती लावायला ट्रॅकच नव्हता. २०१० साली फोक्सवॅगनने पोलो गाड्यांची शर्यतमालिका सुरू केली. गाडीचं कूळ चाकणचं, पण पळायला जायचं चेन्नईला, कोइमतूरला, पुढे ग्रेटर नोएडाला. पोरगी इथली आणि मांडव कायम परमुलखात.

इथल्या माणसाचा शर्यतीचा शौक मात्र जबरदस्त आहे. तो बैलांवर भागतो. चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या की चिखली, चऱ्होली, भोसरी, खेड तालुक्यातलं निमगाव, सगळीकडे घाट सजतात. चढाची मातीची धाव, चार बैल, पुढे घोडीवरचा स्वार, वर भंडाऱ्याची पिवळी धूळ. ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते आणि दहा-पंधरा सेकंदांत बारी संपते. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. कारखान्याच्या लाईनवर एक नट किती सेकंदांत आवळायचा याचा हिशेब आठवडाभर पाळणारा माणूस रविवारी इथे येऊन पुन्हा सेकंदच मोजतो, आणि या वेळी ते त्याला आवडतात.

२०२२ च्या मे महिन्यात चिखलीत मोठी शर्यत भरली. पहिल्या बक्षिसाला चक्क जेसीबी होता. जेसीबीचा कारखाना इथून जवळ, तळेगावला. म्हणजे शेजारच्या गावचं यंत्र आमच्या बैलांनी जिंकायचं. यावर एक आजोबा म्हणाले होते, ‘‘उद्या बैलालाच विचारतील, लायसन आहे का?’’

या मोसमात वळीव ठरलेलाच. दुपारपर्यंत ऊन रटरटतं, तीन-चारच्या सुमाराला देहूकडून आभाळ काळं होतं, वारा उलटा फिरतो आणि माईकवरच्या माणसाचा सूर बदलतो. ओल्या घाटात बैल सोडत नाहीत. बैलाच्या खुराला नक्षी नसते. चढावर पाय सरकला तर वर्षभराची मेहनत आणि लाखमोलाचा जीव दोन्ही जातात. डेटोनाचा नियम इथे कुणी पुस्तकात वाचलेला नाही, पण तोच चालतो.

हे थांबणं बघण्यासारखं असतं. बैल आधी आत घेतात, माणसं नंतर. पिकअपच्या हौद्यावर ताडपत्री ओढतात, कोपऱ्यात पाणी साचून फुगलं की काठीने खालून ढोसून सांडतात. एकदा एक पोरगा आपल्या बैलाचे खूर जुन्या बनियनने पुसत होता. एकेक खूर उचलायचा, मधल्या फटीतला चिखल बोटाने काढायचा, मग पुसायचा. बैल त्याच्या पाठीवर निवांत फुंकर टाकत उभा. पुसून झालेला खूर तो पुन्हा चिखलातच ठेवत होता, याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. शेजारी दोन गाडामालक एका प्लॅस्टिकच्या कागदाखाली उभे होते. एक तास आधी बारीच्या नंबरावरून त्यांची जोरदार जुंपली होती.

‘‘माऊली, थांबंल का हो?’’

‘‘आलाय तसा जाईल. च्या घ्या.’’

आळंदी-देहूच्या मधला हा मुलूख. इथे भांडताना माणूस आडनावाने बोलतो आणि पावसात अडकला की माऊली म्हणतो. तासाभराने ऊन पडलं. घाटात लोकांनी कोरडी माती टाकली, दोघं-तिघं अनवाणी वर चढून आले, टाच दाबून बघितली आणि मान हलवली. रस्ता सुकवायची ही पद्धत जेट इंजिनापेक्षा स्वस्त आहे आणि पेट घेत नाही.

थांबायची सवय या लोकांना सर्वोच्च न्यायालयानेही लावली आहे. ७ मे २०१४ ला शर्यतींवर बंदी आली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तिच्यावर शिक्का मारला. बैलांना त्रास नको हा बंदीमागचा आग्रह खोटा नव्हता. पूर्वी काही ठिकाणी जे प्रकार चालत ते बघवत नसत, आणि अटी पाळल्या जातात की नाही यावर आजही डोळा हवाच. पण मधल्या साडेसात वर्षांत अनेकांनी बैल विकले नाहीत, रोज चालवले, खाऊपिऊ घातले. सहा तासांच्या पावसात कंटाळणाऱ्या डेटोनावाल्यांनी एकदा खेडला येऊन जावं.

उरली आमच्याकडची तिसरी शर्यत. ती रोज होते. पुणे-नाशिक महामार्ग, मार्ग भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, नाणेकरवाडी, तळेगाव चौक. १९४९ चा मूळ नियम जगात आता फक्त इथेच पाळला जातो: दुकानातून आणलेली गाडी, तशीच, बाराही महिने. जाहिरातीच्या जागी कंपनीच्या बसवर कंपनीचं नाव. पंच नाहीत, फेऱ्या रोजच्या दोन आणि शेजारच्या गाडीशी अंतर डेटोनाइतकंच, हातभर. फरक एवढाच की चौकाजवळ वेग ताशी सहा किलोमीटर. पहिल्या पाळीचे बाहेर पडतात आणि दुसरीचे आत शिरतात, तेव्हा चौकात कंटेनर असा आडवा होतो की त्याच्या ड्रायव्हरला दोन्ही बाजूंचे लोक सारख्याच जिव्हाळ्याने शिव्या देऊ शकतात. पाऊस आला की खड्ड्यांची खोली झाकली जाते आणि अनुभवी माणूस पुढच्या दुचाकीवाल्यावर नजर ठेवतो; तो किती बुडतो त्यावरून पाणी कळतं.

चाकणला पावसात रखडण्याची परंपरा तशी जुनी. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन इथल्या संग्रामदुर्गासमोर आला. भुईकोट किल्ला, छोटासा, आज घेतला की उद्या पुढे, असा त्याचा बेत असावा. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा होता आणि वर पाऊस. खान जवळजवळ दोन महिने तिथेच. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. पावसात चाकण ओलांडायला सध्याचे लोक दोन तास घेतात, ही प्रगती मान्य केली पाहिजे.

तरी एक गोष्ट खटकते. डेटोनाला जगातले निष्णात चालक गुळगुळीत टायर घालून बसतात आणि चार थेंबांत थांबतात. खेडचा गाडामालक खुराखालची माती दाबून बघितल्याशिवाय बैल सोडत नाही. आणि आम्ही, ज्यांनी या गाड्या स्वतःच्या हातांनी जोडल्या, ज्यांना टायरमधल्या खाचेचं मोल पोटापाण्यासाठी पाठ आहे, तेच घासून गोटा झालेल्या टायरवर भर पावसात ऐंशीच्या वेगाने कुरुळीपर्यंत जातो आणि मग चौकात पाऊण तास उभे राहतो. डेटोनाचा टायर गुळगुळीत असतो तो हिशेबाने. आमचा असतो तो ‘पुढच्या पगाराला बघू’ म्हणून.

मोटारीच्या टायरवर निदान १.६ मिलिमीटर खोल नक्षी हवी, असा आपला कायदा आहे. खाचेत छोटासा उंचवटा असतो, टायर घासून त्याच्या बरोबरीला आला की बदलायची वेळ झाली. वेगळं यंत्र लागत नाही, वाकून बघायचं. तेव्हा मंडळी, जूनच्या आधी एकदा वाका. आणि चाकणला निघणार असाल तर अर्धा तास आधी निघा. कुणी ‘एवढी काय घाई’ म्हणालं तर सांगा, घाई नाही म्हणूनच लवकर निघालोय.