खानेसुमारी

आमच्या आईने अमरावतीत सत्तावीस वर्षं मेस चालवली. गाडगेनगराच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे वर आणखी एक खोली चढली. एवढ्या जागेत एका वेळी तीस-चाळीस पोरं जेवून जात. मोठं काही नव्हतं. पाटी नव्हती, नाव नव्हतं. 'काकूची मेस' म्हटलं की कठोरा नाक्यापासून पंचवटीपर्यंत कुणीही रस्ता दाखवी. आता या शहरात काकू शेकड्याने आणि मेसही शेकड्याने, तरी पोरं बरोबर आमच्याच दारात कशी येत हे मला अजून कळलेलं नाही. वासाने येत असावीत.

२०११च्या फेब्रुवारीत जनगणनेचे मास्तर आमच्याकडे आले. ऊन नुकतं तापायला लागलं होतं. आईने आधी पाणी दिलं, मग पोहे दिले, मग विचारलं, "कायची गणती हाय?" मास्तर जुन्या वळणाचे होते. ते म्हणाले, "खानेसुमारी हो, काकू." आईचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांत सरकारला पहिल्यांदा शहाणपण सुचलं, असं तिला वाटलं असावं.

"मंग लिहा. त्रेचाळीस."

मास्तरांचा पेन हवेतच राहिला. घरात माणसं पाच. मी, बायको, दोन मुलं आणि आई. बाकीची अडतीस कुठून आली?

खानेसुमारी हा शब्द फारसीतून आला. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. वऱ्हाडावर निजामाची सत्ता होती, तेव्हा असले शब्द इथे मातीसारखे पायाला चिकटले. पुढे १८५३मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १८६७मध्ये इंग्रजांनी इथली पहिली शिरगणती केली. म्हणजे निजामाच्या शब्दात घरं मोजली जात आणि नंतरच्या शब्दात डोकी. आईला मात्र खाना म्हणजे खाणं एवढंच ठाऊक, म्हणून ती पोटं मोजत होती. आणि मला विचाराल तर या शहरापुरती तिचीच पद्धत बरोबर होती.

मास्तरांनी समजावलं. कुटुंब म्हणजे जे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ते.

"एकच तं चूल हाय," आई म्हणाली. "गॅस दोन हायेत, पन चूल एकच."

"पण ती मुलं इथं राहत नाहीत ना, काकू."

"राहत कशी नाई? तिघं वरच्या खोलीत हायेत. बाकीचे समोरच्या गल्लीत. झोपाले तं मानूस कुठीबी झोपते. जेवते कुठी ते पाहा ना, मास्तर."

जनगणनेच्या नियमपुस्तिकेला या युक्तिवादाचं उत्तर देता आलं नसतं. मास्तरांनी पोहे संपवले आणि पाचच माणसं लिहिली. वरच्या तिघांचा वेगळा कागद केला. आई नंतर दोन दिवस म्हणत होती, "पस्तीस पोट्टे खाल्ले त्या मास्तरनं."

त्या मोजणीत अमरावती शहराची लोकसंख्या ६,४७,०५७ निघाली. आमच्या अकोल्याच्या साडूंना हा आकडा आजही सलतो, कारण अकोल्याची निघाली ४,२५,८१७. त्यांचं म्हणणं असं की, तुम्ही बडनेरा पोटात घातलंत म्हणून फुगलात. आमच्या अकोल्याची हद्द २०१६मध्ये वाढली, आता मोजा म्हणजे समजेल! वास्तविक १९०१मध्ये दोन्ही गावं जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभी होती. अमरावतीत ३४,२१६ माणसं आणि अकोल्यात २९,२८९. एवढी माणसं आता राजकमल चौकात दिवाळीच्या आधल्या दिवशी एकमेकांच्या पायावर पाय देत असतात. त्यात अकोल्याची मुळातली कथाच उलटी. अकोलसिंगाने तिथे एका सशाला कुत्र्याच्या मागे धावताना पाहिलं आणि ही जागा शुभ समजून कोट बांधला, असं सांगतात. साडूंना ही कथा फार प्रिय. ससा कोण आणि कुत्रा कोण हे ते बोलत नाहीत, नुसते माझ्याकडे बघतात.

आमच्या गावाचं नाव त्या मानाने सात्त्विक. उंबराच्या झाडांवरून उदुंबरावती, मग उमरावती, मग अमरावती. रुक्मिणीचं हरण इथल्या अंबादेवीच्या देवळातून झालं, ही श्रद्धा तर घरोघर आहे. म्हणजे मुळात हे गाव कुणीतरी येऊन कुणाला तरी घेऊन जाण्याचं. पेंढाऱ्यांच्या धाकाने निजामाच्या अमलात भोवती परकोट उभा राहिला, तोही गमतीचा. भिंत एक, आणि तिच्यातून आत-बाहेर करायला वाटा किती! नागपुरी गेट, अंबा गेट, खोलापुरी गेट, भुसारी, महाजनपुरी. हे कमी म्हणून खिडक्या. पटेल खिडकी, माता खिडकी, छत्रपुरी खिडकी, शिवाय माणसं मारली गेली म्हणून खुनारी म्हटली जाणारी खिडकी. ज्या गावाला लोकांना खरोखर बाहेर ठेवायचं असतं ते इतकी भोकं पाडत नाही.

कोट ज्या धनासाठी बांधला ते कापसाचं. रेल्वे नव्हती तेव्हा इथला कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला. मग तिकडे अमेरिकेत १८६१मध्ये आपसांतली लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मारवाडी आले, गुजराती आले, जिनं आली, प्रेस आल्या. मुंबईहून नागपूरला निघालेला लोहमार्ग मात्र अमरावतीला वळसा घालून बडनेऱ्यावरून गेला, म्हणून तिथून सहा मैलांचा फाटा काढावा लागला. फाट्यावर असण्याचं दुःख आम्ही आजवर बाळगून आहोत. फाळणीनंतर सिंधी आले, त्यांचा रामपुरी कॅम्प वसला. कापसाची ती शकुंतला, मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी, पुढेपुढे गाठींऐवजी माणसंच वाहू लागली. आमच्या मेसची कितीतरी गिऱ्हाइकं त्या गाडीने मूर्तिजापूरला उतरून, गाडी बदलून अमरावतीत पोचलेली. कापूस पिकवणाऱ्या बापाने कापसाच्याच गाडीत पोराला बसवून दिलं, म्हणजे तोही एक मालच होता. पिंजून, गाठ बांधून पुढे जाणारा.

पोरं अमरावतीतच येत, कारण १९२३मध्ये इथे किंग एडवर्ड कॉलेज निघालं, तेच पुढचं विदर्भ महाविद्यालय. १९३२मध्ये पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली. १९६४मध्ये सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आलं, १ मे १९८३ला विद्यापीठ आलं आणि त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला महापालिका. शहराला विद्यापीठ आधी मिळालं आणि महापालिका साडेतीन महिन्यांनी, यावरून काय ते समजावं. अकोल्याला त्याआधीच, १९६९मध्ये, कृषी विद्यापीठ मिळालेलं. ते तिकडे कुणी पूर्ण नावाने म्हणत नाही, 'पीकेव्ही' म्हणतात. त्याला नाव मात्र आमच्या पापळच्या पंजाबरावांचं. साडूंसमोर हे मी दरवेळी काढतो.

पंजाबरावांची एक गोष्ट मला मेसच्या संदर्भात सगळ्यात मोठी वाटते. १९२७च्या सुमाराला अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून इथे सत्याग्रहाची धामधूम होती. त्या नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. त्याच काळात पंजाबरावांनी श्रद्धानंद छात्रालय चालवलं, सगळ्या जातींच्या पोरांसाठी. देवळाची दारं उघडायला वाद, चर्चा, ठराव लागत होते, आणि तिकडे पोरं एका चुलीवरचं जेवून कॉलेजात जात होती. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाकरी कोन थापे तठी?" १८९७मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं, शंकरन नायर अध्यक्ष होते, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष, हे सांगितलं तेव्हाही तिचा प्रश्न हाच. इतिहासाकडे ती मागच्या दाराने, स्वयंपाकघराच्या बाजूने शिरते.

तिचा स्वतःचा इतिहास एका कपाटात आहे. सत्तावीस वह्या. तीन रकाने आहेत: नाव, गाव, खाडे. मेसमध्ये न जेवलेल्या वेळेला खाडा म्हणतात, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आगाऊ सांगून केलेला खाडा पैशांतून वजा होतो, न सांगता केलेला होत नाही. यावरून झालेली भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत.

त्यातला 'गाव' हा रकाना वाचत गेलं की जनगणनेचा अहवाल वाचायची गरज उरत नाही. सुरुवातीच्या वह्यांत दर्यापूर, अंजनगाव, मोर्शी, वरूड. म्हणजे एसटीने शनिवारी घरी जाऊन सोमवारी धपाटे घेऊन परतणारी पोरं. मग पुसद, रिसोड, मेहकर दिसू लागतात. ही पोरं दिवाळीलाच घरी जात. नंतर हळूहळू धारणी, चिखलदरा. धारणीकडचा एक कोरकू मुलगा पहिले पंधरा दिवस कुणाशी बोलला नाही. त्याची भाषाच निराळ्या कुळातली, तिचे भाऊबंद पार छोटा नागपूरच्या डोंगरांत. गावाहून येताना तो कुटकी घेऊन आला. आईने ती शिजवून सगळ्यांना वाढली, तेव्हा त्याचं पहिलं मराठी वाक्य ऐकू आलं. "पाणी जास्त झालं, काकू." मग एका वहीत पहिल्यांदा मुलींची नावं येतात. त्या जेवायला बसत नसत, डबा नेत. दोन-तीन वर्षांनी बसू लागल्या. त्याची तारीख आईने लिहिलेली नाही, पण त्या महिन्यापासून पोरांच्या पोळ्या एकदम कमी झालेल्या दिसतात.

पोळ्यांचं निघालं म्हणून सांगतो. आईला आयुष्यात भीती एकाच संस्थेची वाटली. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ची ही संस्था, वैद्य बंधूंनी काढलेली. १९३६मध्ये हिच्या चमूने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले, कबड्डीसुद्धा. आजही तिथे परप्रांतांतून पोरं शिकायला येतात. त्यांच्यातले चार जण एका वर्षी आमच्याकडे लागले. पहिल्याच रात्री आईने तिसऱ्यांदा कणीक भिजवली. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मी सैंपाक करतो का जिन चालवतो?" महिना संपला तेव्हा हिशेबात आम्ही बुडालो होतो. पण तिने त्यांना काढलं नाही. त्यांच्या वहीत खाड्याचा रकाना कोरा आहे, अख्खं वर्ष एकही खाडा नाही, आणि याचा तिला फार अभिमान आहे.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर गाडगेबाबांची समाधी. हातात खराटा, खायला मातीचं गाडगं. बाबा वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गेले, १९५६च्या डिसेंबरात. भाकर हातावर घेऊन खा पण पोराला शिकवा, असं ते सांगत आले, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या माणसाचं नाव आता इथल्या प्रत्येक पदवीवर छापलेलं असतं. परीक्षेच्या दिवसांत पोरं समाधीवर जाऊन यायची. आई विचारी, "पाया पडला, का झाडू मारून आला?"

वहीत सगळ्यात शेवटी, नावापुढे, बारीक अक्षरात एक शब्द येतो. 'गेला'. त्यापुढे पुणे. पुणे, पुणे, नागपूर, पुणे, हैदराबाद, पुणे. वर्षामागून वर्षं हा शब्द पुण्याच्या बाजूनेच जड होत गेलेला दिसतो. मात्र एका अंजनगावच्या पोरापुढे 'अमेरिका' आहे. तो मिशिगनमधल्या ॲन आर्बर नावाच्या गावी असतो आणि दर दिवाळीला आईला फोन करतो. तेही कॉलेजचंच गाव. १८३७मध्ये तिथे विद्यापीठ आलं आणि गाव त्याच्याभोवती वाढलं. वसवणाऱ्या दोघांच्या बायकांच्या नावांत ॲन होतं आणि तिथे ओकची राई होती, म्हणून ॲन आर्बर. झाडावरून नाव पडलेलं आमच्यासारखं दुसरं गाव बघून मला उगीचच आपुलकी वाटली. वस्ती २०२०च्या मोजणीत १,२३,८५१. अमरावतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, हे मी साडूंनाही सांगून टाकलं.

त्या मोजणीची हकीकत त्याने फोनवर सांगितली. अमेरिकेत मोजणीचा दिवस १ एप्रिल. २०२०मध्ये नेमकी साथ आली, कॉलेजं बंद झाली, पोरं आपापल्या घरी पळाली. आता गाव मोजायचं कसं? सरकार म्हणालं, एरवी जिथे राहिली असती तिथेच त्यांना धरा.

आई फोन स्पीकरवर ठेवून ऐकत होती. "म्हंजे खाडा असून बी पोट्टा धरला?"

"धरला, काकू."

"पाहा!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. २०११चे ते मास्तर तिच्या डोळ्यांपुढे आले असणार. बिचाऱ्यांचा एवढा राग धरण्याचं काही कारण नव्हतं. जाताना त्यांनीच दबकत विचारलं होतं, "काकू, आमचा पोरगा जूनमध्ये बारावी होतो. एक ताट वाढेल का?" त्या वर्षीच्या वहीत त्याचंही नाव आहे, आणि पुढे 'गेला, पुणे' आहे.

त्याच फोनवर आईने अंजनगावच्या पोराला आठवण दिली की, त्याचे अकरा खाडे अजून वजा व्हायचे आहेत. आगाऊ सांगून केलेले. तो हसून म्हणाला, राहू द्या. ती अजिबात हसली नाही. पैसे पाकिटात घालून वहीतच ठेवलेले आहेत.

आता मेस बंद आहे. गुडघ्यांनी संप केला. २०२१ची जनगणना झालीच नाही, पुढच्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरला आहे. या वेळी माहिती मोबाइलवर आपली आपणही भरता येणार, असं मी परवा तिला पेपरातून वाचून दाखवलं. कोण कोण घरात आहे, वय काय, शिक्षण काय, कुठून आलात. ती जरा वेळ गप्प राहिली. मग चष्मा पुसत म्हणाली,

"खाड्याचा रकाना हाय का त्यात?"