भाऊजी घरी, आवाज वावरात

वैनींनी यंदा हरभऱ्याला रामराम ठोकला. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच आहे, त्यामुळे ही बातमी भाऊजींच्याही आधी मला कळली. सोयाबीन विकून झालं होतं, वावर रिकामं होतं आणि वैनी भिंतीवर कोपर टेकून हरभऱ्याचा राग माझ्यावर काढत होत्या.

"मी पेरतो, मी निंदतो, अन् रोही खाते. औंदा ठरवलं बाप्पा, त्याले जे आवडत नाई तेच पेराचं."

रोही म्हणजे तुमची नीलगाय. नर घोड्याएवढा दांडगा, निळसर राखाडी, मादी पिंगट. वैनींचं चार एकर वावर कारंज्याहून सोहोळच्या अंगाला आहे. तिथलं काळवीट अभयारण्य 2000 साली जाहीर झालं, जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं. आत माळाचं गवत, बाहेर सोयाबीन, तूर, हरभरा. तुम्ही रोही असता तर कुठल्या पंगतीला बसला असता?

वैनींचे सासरे होते तेव्हा या भागात ज्वारी आणि पऱ्हाटी. मग सोयाबीन आलं, चार महिन्यांत पैसा हातात देणारं, आणि बघता बघता ज्वारी मागे पडली. ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला म्हणून ढोरं कमी झाली, ढोरं कमी झाली म्हणून गुराखी गेला. हा गुराखी दिवसभर काठी घेऊन माळावर हिंडायचा, बेंबीच्या देठापासून ओरडायचा. त्याचा पगार कुणी जंगली जनावरं हाकलण्यासाठी धरला नव्हता, पण ते काम तो फुकटात करत होता. आता माळही अर्धा नांगरला गेला आणि उरलेल्या अर्ध्यावर माणूस दिसत नाही. रोही कुठे गेला नाही, आला नाही. पंगतच उठून त्याच्या दारात येऊन बसली. असं मी म्हटलं की वैनी चिडतात.

"तुमी रोह्याच्या वकील हायेत का वं ताई?"

वकील नाही, पण त्याची हुशारी कबूल करावी लागते. वैनींनी काय काय केलं ते मी भिंतीवरून पाहिलेलं आहे. आधी धुऱ्याभोवती साड्या बांधल्या. आमच्या विदर्भात तुम्ही हिवाळ्यात फिरलात तर शेतांभोवती लाल, हिरव्या, जरीकाठी साड्या फडफडताना दिसतील. आठेक दिवस रोही बुजले. नंतर एक धीट निघाला, त्याने साडी हुंगली, तिच्यावरून उडी मारली, आणि विषय संपला. "माह्या लग्नातल्या तीन साड्या वावरात उभ्या हायेत," वैनी सांगतात, "अन् रोही त्यायच्या आडोशाले बसते." मग न्हाव्याकडून केस आणून टाकले, माणसाच्या वासानं डुक्कर येत नाही म्हणून. रिकाम्या बाटल्या टांगल्या, वाऱ्यानं वाजाव्यात म्हणून. वारा पडला की रोही आत.

शेवटी भोंगा आणला. बाजारात मिळतो तो. बॅटरीवर चालतो, त्यात आपला आवाज भरून ठेवायचा आणि तो रात्रभर वाजत राहतो. भाऊजींनी स्वतःचा आवाज भरला. 'हाऽऽट! हट रे हट! कोन हाय रे तिकडं!' आणि मग एक शेलकी शिवी, ती इथे देता येणार नाही. पहिल्या रात्री सगळ्या शिवारात खळबळ उडाली. शेजारच्या वावरातला जागल्या बॅटरी घेऊन धावत आला, भाऊजींवर काय संकट कोसळलं बघायला. भाऊजी घरी घोरत होते. पंधरवड्यानं वैनी पहाटे वावरात गेल्या, तर भोंग्यापासून वीसेक पावलांवर रोह्यांचा कळप निवांत घाटे खात उभा. भोंगा ओरडतोय, 'कोन हाय रे तिकडं', आणि एक मादी कान हलवून, मान खाली घालून खातेय. त्या भोंग्याजवळ वैनी मात्र दचकल्या, कारण शिवी त्यांच्या कानात पडली.

"घरी चार शब्द बोलत नाईत, अन् वावरात रात्रभर बोलू राहिले," वैनींचा शेरा. भाऊजी आत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मी वैनींना सांगितलं की या गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. 2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख आला. सहा खंडांतल्या 62 जातींच्या सस्तन प्राण्यांची माहिती एकत्र करून अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की जिथे माणसाची वर्दळ वाढते तिथे जनावरं आपला दिवस रात्रीत ढकलतात. शिकारी असो की नुसता फिरायला आलेला माणूस, दोघांनाही ती जवळजवळ सारखीच टाळतात. खाणं तेच, रान तेच, घड्याळ तेवढं बदललं.

"हे सांगाले अमेरिका कायले पाहिजे होती? माह्या सासऱ्याले इचारलं असतं तं त्यायनं एका कप चहावर सांगतलं असतं."

अमेरिकेचं निघालंच म्हणून मी पुढची बातमी दिली. आपला रोही टेक्सासमध्येही आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य कुरणाच्या मालकांनी भारतीय नीलगायी मोकळ्या सोडल्या. कुठला विदर्भ, कुठला टेक्सास. पण उघडं रान, झुडपं आणि बेताचं पाणी मिळालं आणि तिथे त्या हजारोंनी वाढल्या. लोक पैसे मोजून शिकार करतात आणि मांस हॉटेलात जातं. वैनींनी क्षणभर विचार केला. "मंग इथले बी घेऊन जा म्हना. भाडं मी देतो."

जनावरं उचलून नेण्याचं वेड आपल्याकडेही आलंय. 2025 च्या दिवाळीच्या सुमारास मध्य प्रदेशात शाजापूरकडे काळविटांना हेलिकॉप्टरनं हाकून नरसाळ्याच्या आकाराच्या कुंपणात घातलं आणि तिथून गाडीनं अभयारण्यात नेऊन सोडलं. खर्च केवढा आणि रिकामी झालेली जागा पुन्हा भरायला किती दिवस, हा हिशेब माझ्यापुरता तरी जुळत नाही. काळविटाबद्दल माझं मत वेगळंच आहे. तो रोह्याइतका लवचीक नाही. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. लांबवर दिसलं पाहिजे आणि धावायला मोकळं रान पाहिजे. त्यामुळे गवताळ माळावर उत्साहानं झाडं लावणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की बाबांनो, हे ओसाड नाही, हे त्याचं घर आहे.

असो. वैनींनी हरभऱ्याच्या जागी ठरवला तो चिया.

चिया म्हणजे आपल्या सब्जासारखा दिसणारा बारीक दाणा. पाण्यात टाकला की फुगतो, शहरातले लोक वजन कमी करायला खातात. मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, कुळ आपल्या तुळशीचं. पानाला उग्र वास. तो वास रोह्याला आणि डुकराला चालत नाही, हे वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ध्यानात आलं आणि गेल्या तीन-चार वर्षांत रब्बीला निळ्या-जांभळ्या फुलांची शेतं दिसू लागली. आधी माल विकायला मध्य प्रदेशात नीमचच्या बाजारात न्यावा लागायचा. आता वाशीमच्या बाजार समितीतही खरेदी होते. ज्या दाण्याचं नाव आमच्या आज्यांनी ऐकलं नव्हतं, त्याचा भाव आता पानठेल्यावर विचारला जातो.

वैनींनी एक दाणा मला तळहातावर देऊन दाखवला. करडा, चकचकीत, अंगावर नकाशासारख्या रेघा. मी चावून पाहिला; चव अशी काहीच नाही. "माणसाले बी आवडत नाई अन् रोह्याले बी आवडत नाई," वैनी म्हणाल्या, "मंग घेते कोन, देवाले मालूम. पण पैसे देते." मला यात धोका दिसतो. सगळ्यांनी चिया लावला तर भाव पडणार, आणि चारी बाजूंनी चिया असलेल्या एखाद्या गरिबाच्या हरभऱ्यावर सगळ्या शिवाराचे रोही तुटून पडणार. शिवाय भुकेलं जनावर उद्या चियाही शिकेल की नाही, कुणी सांगावं? वैनींनी यावर तोडगा काढलाय: तीन एकर चिया बाहेरून, मधोमध फक्त घरापुरता एकरभर हरभरा, आणि त्याभोवती झटका मशीन. सौर पॅनेलवर चालणारं, क्षणभर झटका देऊन सोडणारं. जनवन विकास योजनेत त्याला अनुदान आहे. मात्र काही दिवटे तारेत थेट घरची वीज सोडतात. त्यात रोही मरतोच, पण पाणी द्यायला गेलेला शेजारीही मरतो. हा गुन्हा आहे आणि तो कुणी करत असेल तर भिंतीवरून ओरडून सांगा.

एवढ्यात समोरच्या काकू येऊन उभ्या राहिल्या. त्या मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या, माहेर पोहरादेवीजवळ. त्यांचं म्हणणं, बदलायचं कसं ते आम्हाला विचारा. बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडत. रेल्वे आली, 1867 साली नागपूरपर्यंत गाडी पोचली, आणि ही बैलांवरची लदेणी बसली. इंग्रजांनी वर जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. मग माणसं तांड्यात स्थिरावली, शेतीत उतरली, शिकली. त्याच समाजातले वसंतराव नाईक 1963 पासून अकरा वर्षांहून जास्त काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. ऑक्टोबर 2024 मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय उघडलं, काकू नातवंडांना घेऊन जाऊन आल्या. "बैल गेले, रेल आली," काकू म्हणाल्या. "मग ती शकुंतला बी गेली." मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी आमची अरुंद रुळांची शकुंतला आता बंदच आहे.

तिच्या जागी म्हणा किंवा तिच्या नाकावर टिच्चून म्हणा, समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, त्यातला नागपूर-शिर्डी तुकडा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि तो आमच्या कारंज्यावरूनच जातो. काहींच्या वावराचे दोन तुकडे झाले. वर बंडीला मनाई, दुचाकीलाही मनाई. म्हणून वैनींच्या नणंदेकडची बंडी आता रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडच्या तुकड्यात जाते. दिवसा बंडी आणि ट्रॅक्टर, रात्री रोही आणि डुक्कर, असं त्या सांगतात. सकाळी चाकोरीवर खुरांचे ठसे असतात. वन्यजीवांसाठी मुद्दाम बांधलेले मार्गही आहेत. जनावरं अशी वाट वापरतात याचा पुरावा नागपूर-सिवनी रस्त्यावर पेंचमध्ये मिळालेला आहे. तिथे रस्त्याखालच्या कॅमेऱ्यांत 18 जातींचे वन्यप्राणी आले, 11 वेगवेगळे वाघसुद्धा.

पण सगळेच रोही बोगद्याखालून जातात असं नाही, आणि गावाकडच्या साध्या रस्त्यांना तर बोगदेच नाहीत. तेव्हा वाशीमकडे येणाऱ्यांना वैनींचा निरोप देते. तिन्हीसांजेनंतर कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव भागात गाडी बेतानं हाका. एक रोही समोरून आडवा गेला की सुटलो म्हणून लगेच वेग वाढवू नका. तो एकटा नसतो, मागून बाकीचा कळप यायचा असतो.