रेग्युलेटरकाका

ठाण्याहून कोकणात निघालेली गाडी पनवेलच्या अलीकडेच असते. मागच्या सीटवर डबा उघडलेला असतो, पुऱ्यांची वाटणी चाललेली असते, आणि पुढच्या सीटवरून प्रश्न येतो, "गॅस बंद केला का?"

"केला," काकू म्हणतात.

"आणि रेग्युलेटर?"

"तोही."

"तू केलास की मी केला?"

या तिसऱ्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसतं. दोघांनीही केला असेल, तर एकानं फिरवलेला दुसऱ्यानं उलटा फिरवला असण्याची शक्यता उरते, आणि शक्यता उरली की काका उरत नाहीत. गाडी रस्त्याच्या कडेला थांबते आणि शेजाऱ्याला फोन जातो. शेजारी म्हणजे मी. त्यांची जादा किल्ली माझ्याकडे असते. मी जाऊन बघतो. रेग्युलेटर बंद असतो, तो नेहमीच बंद असतो. तसं कळवल्यावर पलीकडून विचारणा होते, "बंद म्हणजे कुठल्या बाजूला? फोटो टाका."

अशा माणसाला आमच्या इमारतीत रेग्युलेटरकाका म्हणतात. डोंबिवली, कोथरूड, नाशिक, सांगली, कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एखादा सापडेलच. वय साठीच्या पुढे, बँकेतून किंवा सरकारी कचेरीतून निवृत्त. नोकरीत सही केल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. निवृत्तीनंतर घरात सही करण्यासारखं काही उरलं नाही. भाजी काकू आणतात, बिलं मुलगा मोबाइलवरून भरतो, नातवाचा अभ्यास सून घेते. घरातलं एकच पद रिकामं होतं, ते म्हणजे गॅसची सुरक्षा. काकांनी ते भरून टाकलं. स्वयंपाकघरात ते दोनच वेळा पाऊल टाकतात, रात्री रेग्युलेटर बंद करायला आणि पहाटे तो रात्रीपासून बंदच आहे ना, हे बघायला. चहा मात्र त्यांना करता येत नाही.

या भीतीला इतिहास आहे, हे मान्य करायला हवं. काकांचं बालपण रॉकेलच्या स्टोसमोर गेलं. पंप मारायचा, पिन घालायची, काकडा धरायचा आणि तोंड मागे घ्यायचं. स्टोचा भडका उडाल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात नेमानं यायच्या आणि त्या मोठ्यानं वाचायची घरोघर पद्धत होती. बर्मा शेलचा बर्शेन गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास आला, पण काकांच्या घरी तो यायला पुढं बरीच वर्षं गेली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. ज्याला खासदारांच्या कोट्यातलं कुपन मिळे, त्याची नातेवाइकांत पत वाढे. शेवटी टाकी आली तेव्हा काकांच्या आईनं तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि टाकीसमोरच उदबत्ती लावली. ही गोष्ट सांगताना काकांच्या अंगावर अजून काटा येतो. "टाकीसमोर! पेटती!" असं म्हणून ते थांबतात. त्यांच्या मते त्या दिवशी आपलं कुटुंब वाचलं ते नारळामुळं नव्हे, तर नारळ असूनही.

काकांचा खरा दिवस म्हणजे टाकी येण्याचा. टाकीवाला भाऊ चौथ्या मजल्यावर खांद्यावरून टाकी उतरवतो, घाम पुसतो आणि मोबाइलवर आलेला नंबर विचारतो. काका नंबर सांगत नाहीत. आधी तपासणी. सील शाबूत आहे का? वजन करा. टाकीत गॅस १४.२ किलो हवा, रिकाम्या टाकीचं वजन तिच्या अंगावर लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज काकांनी कागदावर मांडून ठेवलेली असते. भाऊ वजनकाटा अडकवून टाकी उचलून धरतो, काका चष्मा बदलून काटा वाचतात. चष्मा बदलेपर्यंत टाकी अधांतरीच असते. मग टाकीच्या गळ्याशी, पट्टीच्या आतल्या बाजूला लिहिलेली अक्षरं. ही अक्षरं बहुतेकांनी पाहिलेली असतात, पण वाचलेली नसतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. टाकीवर डी-२८ असेल, तर २०२८ च्या डिसेंबरपर्यंत तिची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही, हा नियम खराच आहे, पण काका तो दर वेळी भाऊला पहिल्यांदाच सांगितल्यासारखा सांगतात.

सील निघाल्यावर काका टाकीच्या तोंडात डोकावतात. आत रबराची काळी रिंग असते, तिला सगळे वायसर म्हणतात. ती नसेल किंवा चिरली असेल, तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसला तरी गॅस निसटतो. शेवटी साबणाचं पाणी. काकांची वाटी तयारच असते, फेस आलेली. जोडावर ते पाणी सोडून सगळे वाकून बघतात. बुडबुडा आला तर गळती. भाऊची पुढची घरं खोळंबलेली असतात. एकदा तो न राहवून म्हणाला, "काका, टाकी घ्यायची आहे की मुलगी पसंत करायची आहे?" काका म्हणाले, "मुलगी बघताना आम्ही इतकं बघितलं नव्हतं." आतून काकूंनी भांडं आपटलं. ते कुठल्या अर्थानं, हे कुणाला विचारायचं धाडस झालं नाही.

टाकीला दोरीनं बांधलेलं टोपण काका कधीच फेकू देत नाहीत. फेकूही नये. टाकीच्या तोंडातून गॅस यायला लागला, तर तेच टोपण दाबून बसवायचं असतं. बहुतेक घरांत त्या टोपणाशी मांजर खेळतं.

मुलानं मॉड्युलर किचन करून घेतलं तेव्हा काकांनी इंटिरियरवाल्याला हॉलमध्ये बसवून शिकवणी घेतली. टाकी कपाटात कोंडायची असेल, तर दाराला खाली, अगदी जमिनीलगत, भोकं हवीत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, खाली साचतो. इंटिरियरवाल्यानं नक्षीदार जाळी वरच्या बाजूला दाखवली होती, दिसायला बरी म्हणून. काकांनी ती खाली आणायला लावली. आता ती कुणाला दिसत नाही, आणि काका पाहुण्यांना वाकायला लावून ती दाखवतात. सुनेनं शेगडीच्या केशरी नळीला फुलाफुलांचं कापडी आवरण शिवलं होतं, तेही काकांनी काढलं. नळी झाकली की तिच्यावरची चीर दिसत नाही, उंदरानं कुरतडली तर कळत नाही. नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. काकांनी बसवल्याची तारीख नळीवर मार्करनं लिहिली आहे. लग्नाची तारीख ते काकूंना विचारतात.

सोसायटीच्या गटावर त्यांचा संदेश दर सोमवारी येतो. त्यात १९०६ हा गळतीच्या मदतीचा नंबर असतो, आणि टाकी संपत आली म्हणून ती आडवी करू नका किंवा गरम पाण्यात ठेवू नका, अशी तंबी असते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात टाकी आडवी केलेली आहे, असा त्यांना दाट संशय आहे. ते तिथं अधूनमधून साखर मागायला जातात. आडव्या टाकीतून द्रवरूप गॅसच नळीत शिरतो आणि बर्नरवर आग उसळते, हे ते साखर घेता घेता सांगतात. वाटी परत करायची राहते, म्हणजे पुन्हा जाता येतं.

बी विंगमध्ये दुसरे रेग्युलेटरकाका आहेत, आणि दोघांचं तत्त्वावरून भांडण आहे. बी विंगवाले म्हणतात, रात्री पेटती शेगडी ठेवून आधी रेग्युलेटर बंद करा, नळीतला गॅस जळून संपू द्या, मग नॉब. आमचे काका म्हणतात, ज्योत आपोआप विझली की माणूस नॉब विसरतो, सकाळी रेग्युलेटर उघडला की उघड्या बर्नरमधून गॅस घरभर. त्यामुळं आधी नॉब, मग रेग्युलेटर. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण गणपतीच्या वर्गणीच्या सभेत हा विषय निघाला आणि त्या वर्षी मखर ठरायचंच राहिलं.

मुलगा रात्री एकला कामावरून येतो आणि ऑम्लेट करायला जातो. लायटर खटखटतो, ज्योत येत नाही. तो वाकून रेग्युलेटर फिरवतो. त्या 'टिक' आवाजानं काका जागे होतात. शेजारी फटाके वाजले तरी ते जागे होत नाहीत.

आता काकूंकडे येऊ, कारण त्या घरात गॅस खऱ्या अर्थानं कळतो तो त्यांनाच. काकूंना टाकीवरची अक्षरं वाचता येत नाहीत, वाचायची इच्छाही नाही. पण ज्योत निळीची पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं पडायला लागलं, की त्या शेगडी गार होऊ देतात, बर्नर उचलतात, गरम पाण्यात चिंच घालून भिजत ठेवतात, सासूबाईंच्या वेळची स्टोची पिन डब्यातून काढून बर्नरची भोकं साफ करतात आणि नीट कोरडा करून परत बसवतात. काका मागं उभे राहून सूचना देतात, "बर्नरला पिन चालेल, आतल्या जेटला लावू नकोस, भोक मोठं होईल." हेही बरोबरच असतं. काकूंनी जेटला कधीच पिन लावलेली नसते. काचेच्या शेगडीवर कढई उतरवल्यावर लगेच ओलं फडकं फिरवायचं नाही, तापलेली काच तडकते, हेही काका सांगतात. सांगतात तेव्हा फडकं काकूंच्या हातात असतं आणि त्या काच गार व्हायची वाट बघत उभ्या असतात.

मग तो दुधाचा दिवस आला. काकू खाली भाजीवाल्याकडे गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "दुधावर लक्ष ठेवा." काका पातेल्यासमोर उभे राहिले, म्हणजे काही वेळ राहिले. मग बी विंगमधून फोन आला. 'आधी नॉब की आधी रेग्युलेटर' याचा नवा मुद्दा सुचला होता. काका हॉलमध्ये गेले, कारण महत्त्वाचं बोलणं ते येरझाऱ्या घातल्याशिवाय करू शकत नाहीत. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस येत राहिला.

या गॅसला मुळात वास नसतो. कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन मुद्दाम घालतात. तो वास काकूंना दारातच आला. मी त्यांच्या पिशव्या घेऊन मागं होतो. काकांच्या नाकालाही तो त्याच क्षणी पोहोचला असावा. फोन टाकून ते स्वयंपाकघराकडे धावले आणि त्यांचा हात सरळ एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे गेला. गॅसचा वास आला तर विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, चालू असेल तर बंद करू नका, बंद असेल तर चालू करू नका, ठिणगी पडते, हे सोमवारच्या संदेशातलं ठळक अक्षरातलं तिसरं कलम.

"बटणाला हात लावू नका!" काकू ओरडल्या. त्या घरातला त्यांचा इतका मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. काकांचा हात हवेतच राहिला. काकूंनी नॉब बंद केला, रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, बाल्कनीचं आणि जिन्याचं दार सताड उघडलं, आम्हाला दोघांना बाहेर काढलं. वास पूर्ण जाईपर्यंत त्यांनी कुणाला आत जाऊ दिलं नाही. जिन्यात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अर्धा लिटर गेलं."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर काका सांगत होते, "आम्ही आधी नॉब बंद केला, मग रेग्युलेटर. बटणाला हात लावू दिला नाही." कुणी कुणाला लावू दिला नाही, ते वाक्यात नव्हतं. त्याच आठवड्यात ते ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणाऱ्या शेगडीची माहिती काढून आले. काकू म्हणाल्या, "घ्या. आणि तसलंच काही तुमच्या फोनला बसवता येतं का, तेही विचारा."

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला. मुंबईच्या काही भागांत पूर्वी बाँबे गॅस कंपनीचा कोळशाचा गॅस नळानं यायचा, त्यामुळं यात नवीन काही नाही, असं काकांनी सभेत जाहीर केलं. पण त्यांचा चेहरा पडलेला होता. टाकी गेली म्हणजे वजनकाटा, वायसर, ए-बी-सी-डी सगळं गेलं. त्यात हा गॅस हवेपेक्षा हलका. आयुष्यभर जे वाकून वास घेत आले, त्यांना आता मान वर करावी लागणार होती. जमिनीलगतच्या जाळीचं कौतुक संपलं. आता वरची खिडकी उघडी हवी. चार दिवस काका गप्प होते. पाचव्या दिवशी ते स्टुलावर चढून छतापाशी नाक लावून उभे असलेले दिसले, आणि आम्हाला हायसं वाटलं.

शेगडीचे जेट पाइपच्या गॅसला चालतील असे बदलायला एक तरुण फिटर आला. त्यानं काम उरकलं, जोडावर साबणाचं पाणी लावून दाखवलं, बाहेरचा मुख्य कॉक कुठं आहे ते सांगितलं. काकांनी त्याला एवढे प्रश्न विचारले की तो जरा अदबीनं बोलू लागला. मग वहीत सही घेण्याआधी त्यानं विचारलं, "घरात गॅस कोण बघतं?"

"मी," काका म्हणाले.

"मग काका, एकदा पेटवून दाखवा, ज्योत निळी येते का बघू."

काका शेगडीपुढं आले. ओट्यावर बघितलं. खिडकीच्या कठड्यावर बघितलं. एक खण उघडला, त्यात सुऱ्या होत्या. दुसरा उघडला, त्यात पोळपाट. फिटर वही धरून उभा होता.

"डावीकडे," काकू मटार सोलता सोलता म्हणाल्या, "चमच्यांच्या मागं. लायटर तिथंच असतो."