पाच मिनिटांवर कॉलेज

सांगलीच्या विश्रामबागेतली कुठलीही भाड्याची खोली कॉलेजपासून पाच मिनिटांवर असते. काही पाच मिनिटांना रिक्षा करावी लागते, पण रूममालक काकांच्या हिशेबात तीही पाचच. "चालत गेला तर पाच मिनिटं," ते पालकांना सांगतात, "आणि सायकल असली तर प्रश्नच नाही." मग सायकलीवर किती, हे विचारायचं पालकांना सुचत नाही.

हे काका गल्लीत एक तरी असतातच. पाटबंधारे नाहीतर एस.टी.तून निवृत्त, अंगात बनियन, हातात किल्ल्यांचा जुडगा. शिक्षण मॅट्रिक. पण एकीकडे 1919 सालचं विलिंग्डन, दुसरीकडे 1947 सालचं वालचंद, शिवाय मिरजेचं मेडिकल. एवढ्या विद्येच्या शेजारात उभा जन्म गेला की न शिकताही बरंच येतं. सीईटीचा निकाल लागला की काका पर्सेंटाइल ऐकूनच ब्रँच सांगतात. कॅपचा दुसरा राउंड येईपर्यंत थांबा, असा सल्लाही देतात. फक्त कॉटचं डिपॉझिट मात्र पहिल्याच राउंडला भरायचं. "नंतर शिल्लक राहत नाही ओ."

पोराची मुलाखत काका स्वतः घेतात. गाव कुठलं, वडील काय करतात, आडनाव काय. आडनावावरून उलगडा झाला नाही तर "म्हणजे मूळचे कुठले?" असा पुढचा प्रश्न येतो. जात कुणी विचारली नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य असतं. काकांना कळलेली असते, हेही. मग नियम. रात्री दहाला गेट बंद. मित्र मुक्कामाला नको. अंडं चालेल, पण टरफल बाहेरच्या कोंडाळ्यात. गीझर सहा ते सात. भिंतीला खिळा ठोकला तर डिपॉझिटातून दोनशे रुपये, दर खिळ्यामागं. मागच्या पोरानं ठोकलेल्या खिळ्याचे पैसे मागच्या पोरानं भरले, तरी तो खिळा तिथंच असतो आणि वर्षअखेरीला पुन्हा मोजला जातो.

ब्रँचनिहाय माणसं ओळखायचं काकांचं एक शास्त्र आहे. "मेकॅनिकलची गोंधळ घालतात, पण भाडं वेळेवर. सिव्हिलची रात्री उशिरा येतात. कॉम्प्युटरची बाहेरच पडत नाहीत. आता लाइट बिल कुणाचं जास्त?" म्हणून कॉम्प्युटरवाल्यांच्या खोलीला वेगळा सबमीटर. हे संशोधन कुठल्या जर्नलात छापलं गेलेलं नाही, पण मला ते पटतं.

काकांचं पंचांगही वेगळं. सबमिशन आलं की झेरॉक्सच्या दुकानापुढं रांग, परीक्षेआधीची पीएल लागली की गल्ली चिडीचूप, ओरल संपल्या की स्टँडवर बॅगाच बॅगा आणि बॅगेत भडंगाची पाकिटं. सुट्टी लागली की मेसवाल्या मावशी, चहावाला, झेरॉक्सवाला आणि काका एकाच कट्ट्यावर बसून एकमेकांकडे बघतात. मावशींचा वर्षभराचा वाद खाड्यावरून. तीन दिवसांच्या आत खाडा धरायचा नाही हा त्यांचा नियम, आणि पोरं नेमकी दोनच दिवस गावी जातात. रविवारच्या फीस्टला मात्र एकही गावी नसतो.

काकांना कंजूष म्हणून सोडून देता येत नाही, ही खरी अडचण आहे. आयर्विन पुलाजवळ नदीचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. विदर्भातून आलेल्या पोराला ते कुठलं माहीत? 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांपर्यंत चढलं, तेव्हा काकांनी वही काढून एकूण एक पोराच्या घरी फोन लावला. "आपला भाग उंचावर आहे, पोरगं जेवलंय, काळजी करू नका." काकूंनी त्या दिवसांत सगळ्यांना पिठलं-भात घातला. त्याचे पैसे बिलात आले नाहीत. गीझरही दिवसभर चालू होता, असं पोरं अजून अविश्वासानं सांगतात.

खरं तर या खोल्या भाड्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. पहिला मजला थोरल्यासाठी, दुसरा धाकट्यासाठी. दोघंही इथंच शिकले, पाच मिनिटांवर, आणि डिग्री हातात पडताच गेले. थोरला हिंजवडीला, धाकटा बंगळूरला. सांगली दुसऱ्यांची पोरं इंजिनिअर करते आणि आपली पुण्याला पाठवते. थोरल्याच्या मजल्यावर आता सहा कॉट आहेत, धाकट्याच्या आठ. धाकट्याच्या मजल्याला बाल्कनी असल्यानं तिथं भाडं जरा जास्त.

परवा कट्ट्यावर काका संतापून आले. थोरल्यानं हिंजवडीतला फ्लॅट सोडला, तर तिथल्या मालकानं डिपॉझिटातून पैसे कापले.

"पाचशे रुपये! एका खिळ्याचे! माणुसकी म्हणून काही चीज आहे का नाही?"

आम्ही सगळे गप्प राहिलो. काकाही थोडा वेळ काही बोलले नाहीत. बहुधा विचार करत होते. यंदाच्या जूनपासून त्यांच्याकडं खिळा तीनशे झाला आहे.