वहिनी आली रे!

परवा आमच्या वस्तीत आणखी एक लग्न लागलं. मुहूर्त संध्याकाळी साडेसहाचा. स्थळ, सार्वजनिक शौचालयासमोरचा ज्येष्ठ नागरिक कट्टा. वधू अकरावीत, हातात पाण्याचा डबा. वर कट्ट्यावर, हातात मोबाइल. दोघं आजवर एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत. पण चार मित्रांनी एका सुरात ‘वहिनी आली रे!’ असा पुकारा केला आणि कार्य सिद्धीस गेलं.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्या, तीन साक्षीदार आणा, सह्या करा. कट्ट्यावर साक्षीदारच लग्न लावतात. वधूला विचारायची पद्धत नाही. वरालाही विचारत नाहीत. त्यानं फक्त मान खाली घालून ‘ए, गप बसा ना रे’ एवढं पुटपुटायचं. ती त्याची संमती.

‘वहिनी’ हा शब्द ज्यानं शोधला त्याला माझा दंडवत. ‘आयटम’ म्हटलं तर कुणीतरी थोबाडीत देईल. शिट्टी मारली तर चप्पल निघेल. वहिनी म्हटल्यावर काय करणार? मुलीनं घरी सांगून बघावं.
‘काय म्हणाला?’
‘वहिनी म्हणाला.’
‘मग? मानानंच बोलला ना?’
संपली तक्रार.

आणि एकदा वहिनी ठरली की नाती भराभर फुटतात. तिच्या सात वर्षांच्या भावाला कट्ट्यावर ‘साले साहेब’ म्हणून वडापाव मिळू लागला. या सगळ्या प्रकरणात आजवर फायदा झालेला तो एकटाच. तिचे वडील भाजीची गाडी घेऊन चढाला लागले की मागून चार हात लागतात. त्यांना वाटतं, पोरं सुधारली. शौचालयाच्या दाराची कडी तुटलेली, म्हणून मुली जोडीनं जातात, एक आत आणि एक बाहेरून दार धरून. ही दार धरणारी झाली करवली. पुढं मागच्या गल्लीतल्या कट्ट्यानं याच मुलीला स्वतःची वहिनी जाहीर केलं. एका वहिनीला दोन दादा झाले. मग बैठक झाली, बाचाबाची झाली, एकाच्या बाइकचा आरसा फुटला, दुसऱ्याच्या भुवईला टाके पडले. ‘पोरीमुळं राडा झाला’ असं अख्खी वस्ती म्हणाली. ती पोरगी त्या वेळी नळावर हंडा भरत होती.

पाठलाग करणं २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आला. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. बाईनं नापसंती स्पष्ट दाखवूनही मागं लागला तर, असं कायदा म्हणतो. नापसंती! कट्ट्याच्या शब्दकोशात ती नोंदच नाही. गप्प राहिली म्हणजे हो. रागानं बघितलं म्हणजे बघितलं तरी. शिवी दिली म्हणजे भाव खाते. रस्ता बदलला म्हणजे लाजली. आता याहून स्पष्ट काय दाखवायचं तिनं, फ्लेक्स लावायचा?

बरं, उद्या हीच मुलगी आपल्या मर्जीनं एखाद्या मुलाशेजारी समुद्राकडं तोंड करून बसली, तर? मग वस्तीला संस्कृती आठवते. तेव्हा बाप हात उगारतो, भाऊ शोधत फिरतो, ठाण्यात अर्ज जातो. जो तिला आवडत नाही तो मागं लागला तर ‘वय आहे, मस्करी करतात’, आणि जो आवडतो तो शेजारी बसला तर कलम. तिच्या होकाराचं एवढं भय आणि तिच्या नकाराची एवढी पत.

मला त्या पोरांची कीव येते, नाही असं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. मुलीशी साधं बोलायचं कसं, हे ना शाळेनं शिकवलं ना बापानं. एक वाक्य बोलायला चार जण भाड्यानं घ्यावे लागतात. पण कीव येऊन राग जात नाही. आणि खरा राग त्या कट्ट्याचा. काळा ग्रॅनाइट, वर छत, दोन दिवे, लोकार्पणाच्या पाटीवर अकरा नावं. एकही ज्येष्ठ नागरिक तिथं टेकलेला मी पाहिला नाही. ते समोरच्या रांगेत, गुडघे धरून उभे. कट्ट्याला ग्रॅनाइट मिळतो आणि शौचालयाच्या दाराला कडी मिळत नाही! हार्डवेअरच्या दुकानात शे-दीडशेला मिळते हो कडी. तिला लोकार्पण नाही, नारळ नाही, पाटी नाही, म्हणून निधीही नाही. तेवढ्यासाठी या वस्तीतल्या पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत.

असो. त्या मुलीचा क्लास बंद झालाय. गावाकडचं स्थळ आलंय, तीन दीर आहेत म्हणे. म्हणजे कट्ट्याचं खरं ठरलं, वहिनी ती होणारच. पत्रिका अजून छापलेली नाही. वय एका वर्षानं वाढवायचं आहे, ती तजवीज चालू आहे.

तोवर तेवढी कडी बसवून द्या. आहेर समजा.