ध्यानगुरू व्हायचंय? आधी प्रश्न बंद करा

शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावी स्वतंत्रपणे ध्यानवर्ग काढायचा असेल, तर फलकावर नुसतं 'ध्यान' लिहून भागत नाही. गप्प बसायला पैसे कोण देईल? बीपी, शुगर, झोप, मुलांचा अभ्यास आणि अडलेलं लग्न एकाच ओळीत बसवावं. मंत्राने शुगर जाते अशी जाहिरात १९५४ च्या केंद्रीय कायद्यात बसत नाही, म्हणून मंत्राला 'कंपन' म्हणावं. वर्गाचा मुहूर्त दिवाळीनंतरचा नको. तेव्हा ऊसतोडीची उचल घेतलेल्या जोड्या कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलेल्या असतात. हंगामाचा पट्टा पडून माणसं परतली, की पाठ दुखत असते आणि मुकादमाची बाकी फिटलेली नसते. चिंता ही बाकीमुळे नसून चंचल मनामुळे आहे, हे अशा वेळी लवकर पटतं. साधना कुठे केली असं कोणी विचारलंच तर हिमालय सांगावा. मढी किंवा मायंबा ही जवळची नाथस्थानं सांगू नयेत. तिथे लोकांची नेहमीची ये-जा असते, एखादा चौकशी करून येईल.

'संशोधनाने सिद्ध झालंय' एवढं म्हणून थांबायची सवय लावून घ्यावी. २०१४ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, ३,५१५ जणांचा आढावा आला. ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी होतात, असं त्यात दिसलं. पुढे असंही निघालं, की औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा नाही. पहिलं वाक्य पत्रकावर छापावं, दुसऱ्याला जागा पुरली नाही असं समजावं. ध्यानाला बसणाऱ्या काहींना भीती वाटते, झोप उडते, हेही अभ्यासांत नोंदलेलं आहे. असा कोणी आला तर 'आतली घाण बाहेर पडतेय' म्हणून सांगावं. तो डॉक्टरकडे जात नाही आणि पुढच्या महिन्याची फीही बुडत नाही.

श्रद्धेने बरं वाटत असेल तर बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. बरं वाटण्याने काहीच बिघडत नाही. पण श्रद्धेपायी गोळी बंद केली, तर साखर श्रद्धेला विचारून चढत नाही. दुसरा आक्षेप फीचा. सत्यनारायण गोएंकांनी १९६९ पासून भारतात विपश्यना शिकवली. इगतपुरीच्या धम्मगिरीला आजही शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच दान घेतात आणि आचार्यांना मानधन नसतं. स्वतंत्र गुरू म्हणेल, मला जागेचं भाडं आहे, घरी खाणारी तोंडं आहेत. अगदी रास्त. शाळामास्तरही पगार घेतोच. फी घेणं लबाडी नाही. कशाची फी घेतो ते झाकणं ही लबाडी. शिवाय संस्थेच्या आचार्याला वरचा कोणीतरी जाब विचारू शकतो. स्वतंत्र गुरूच्या डोक्यावर कोणीच नसतो, समोर फक्त शिष्य असतात. त्याला जाब विचारणारे तेवढेच, म्हणून सगळा भर त्यांची तोंडं बंद ठेवण्यावर असावा. प्रश्न विचारला की अहंकार, पावती मागितली की अश्रद्धा, वर्ग सोडला की कर्म आडवं आलं.

यातली कलमं कोणी उलटी पाळली, म्हणजे फी आणि शिक्षण लिहून लावलं, काय जमत नाही ते पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्रास होणाऱ्याला दवाखान्यात पाठवलं, तर मात्र नुकसान अटळ आहे. गर्दी घटेल, पाया कोणी पडणार नाही आणि सिद्धपुरुष व्हायला निघालेल्याला जन्मभर साधा शिक्षक म्हणून राहावं लागेल.