टेहळणीबुवा

आमच्या शेजाऱ्यांच्या फ्रिजवर नातवंडांचे चार फोटो आहेत आणि हरणांचे एकतीस. नातवंडांची नावं सांगताना त्यांची एखादवेळी गफलत होते. हरणांची होत नाही. कोणता नर कोणत्या सालचा, त्याच्या उजव्या शिंगाला किती फाटे, डावा कान कुणाशी झुंजताना फाटला, हे ते त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांनी वंशावळ वाचावी तशा थाटात सांगतात. आमच्या हिनं पहिल्याच भेटीनंतर त्यांचं नाव टेहळणीबुवा ठेवलं. मूळ नाव आता मलाही आठवावं लागतं.

आमचं गाव पेनसिल्व्हेनियाच्या मधोमध, डोंगराच्या कुशीत. इथे बंदुकीनं हरणं मारायचा हंगाम म्हणजे कोकणातले गणपती. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी तो सुरू व्हायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असायची, कारण मुलंही फिरकत नसत आणि मास्तरही. 2019 साली हा मुहूर्त शनिवारवर आणला. बुवा तो पाळतात, मानत नाहीत. हंगाम दोन आठवड्यांचा, परवान्यावर वर्षाला शिंगवाला नर एकच. म्हणजे काम एका गोळीचं. त्या एका गोळीसाठी बुवांच्या मेव्हण्याच्या चाळीस एकर रानात बारा महिने नऊ ट्रेल कॅमेरे बांधलेले असतात.

ट्रेल कॅमेरा म्हणजे झाडाच्या सालीसारखा रंगवलेला, साधारण जेवणाच्या डब्याएवढा डबा. पट्ट्यानं बुंध्याला बांधायचा. समोर एक दुधी भिंग असतं. त्यामागच्या सेन्सरला आजूबाजूच्या गारव्यात काही ऊबदार हललं की कळतं, आणि डबा आपोआप फोटो काढतो. दिवसा रंगीत, रात्री अवरक्त उजेडात काळापांढरा. बस, एवढंच. पण ज्ञानेश्वरीतही ओव्याच आहेत म्हटल्यासारखं झालं हे.

आमचा संबंध आला घेवड्यापायी. हिनं परसात घेवड्याचा मांडव घातला होता. ऑगस्टमध्ये रोज सकाळी खालची पानं साफ. हरणंच असणार, अशी हिची खात्री. मी बुवांना विचारलं, की एखादा स्वस्तातला कॅमेरा सुचवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी स्वस्तातला हृदयविकारतज्ज्ञ विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते दारात उभे.

दुकानात तीन तास गेले. खोक्यावर ‘तीस मेगापिक्सेल’ वाचून मी हात घातला, तर बुवांनी तो हात धरून खाली ठेवला. आतलं मूळ चित्र बेताचंच असतं, बाकीचे ठिपके डबा पदरचे घालून फुगवतो. म्हणजे आपल्या भाषेत दुधात पाणी. पाहायचं ते हे, की डबा दचकतो किती लवकर. त्यांच्या एका जुन्या कॅमेऱ्याला दचकायलाच दीड-दोन सेकंद लागत. त्यानं अख्खा हंगाम फक्त हरणांच्या मागच्या बाजू टिपल्या. मेहनत मात्र वाया गेली नाही: बुवा आज मागच्या बाजूवरूनही हरीण ओळखतात.

मग दिव्यांचं प्रकरण. 850 नॅनोमीटरचे दिवे अंधारात विडीच्या टोकासारखे मंद लाल दिसतात. 940 चे दिसत नाहीत, पण फोटो अंधूक आणि पल्ला कमी. हरणाला तो लाल ठिपका खुपतो की नाही, यावरून बुवा आणि मेव्हणा बारा वर्षं बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण त्यावरच. शेवटी सेल. थंडीत साधे सेल मान टाकतात म्हणून बुवा लिथियमचेच घालतात, आणि कॅमेऱ्यातून निवृत्त झालेले टीव्हीच्या रिमोटमध्ये. त्यांच्या बायकोला चॅनेल बदलायला रिमोट मांडीवर आपटावा लागतो. तीन तासांनंतर आम्ही लक्ष्मी रोडवर पन्नास साड्या पाहून बाहेर पडावं तसे रिकाम्या हातानं बाहेर आलो. एकही डबा पसंत पडला नव्हता. ‘माझाच एक देतो,’ बुवा म्हणाले, आणि मला तळघरात घेऊन गेले.

तळघर हे बुवांचं देवघर. वीसेक वर्षांपूर्वी दुकानातले कॅमेरे महाग आणि मंद असत, तेव्हा बुवांसारखी माणसं ते घरी बनवत. लिलावात सोनीचा जुना खिशातला कॅमेरा घ्यायचा, एस-600 मिळाला तर उत्तम. डोळ्यांच्या डॉक्टरच्या हातानं तो उघडायचा, शटरच्या बटणाखाली केसाएवढ्या तारा डाखायच्या, त्या सेन्सरच्या पट्टीला जोडायच्या, आणि सगळं पेलिकनच्या जलाभेद्य पेटीत बसवायचं. पेटीला भोकं पाडून काच आणि भिंग सिलिकोननं चिकटवायचं. आत दमटपणा शोषायला बुटांच्या खोक्यातली ती ‘खाऊ नका’ लिहिलेली पुडी. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही दबा धरून बसलेली वीज असते. बुवांना ती तीनदा डसली आहे. तिन्ही तारखा भिंतीवर पेन्सिलीनं लिहिल्या आहेत.

घडवलेल्यांपैकी सर्वांत सुंदर कॅमेरा मला पाहता आला नाही. त्याच्या पेटीवर बुवांनी खऱ्या ओकची साल तुकड्या-तुकड्यांनी चिकटवली होती, वर शेवाळ लावलं होतं. ओकच्या बुंध्याला बांधला, दहा पावलं मागे येऊन कौतुकानं पाहिलं, आणि तेव्हापासून तो सापडलेला नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. कलेनं आणखी काय करायचं असतं?

मी इंजिनिअर असल्याचं त्यांना कुठूनसं कळलं होतं. त्यांनी सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं. मी सॉफ्टवेअरमधला, आयर्न शेवटचं धरलं ते दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला, तेही पार्टनरनं डाखताना दिवा धरल्यासारखं. मी ते उलटं धरलं. बुवांनी ते हळूच काढून घेतलं आणि पुढे इंजिनिअर हा शब्द माझ्यासमोर उच्चारला नाही.

कॅमेरा बांधायला ते स्वतः आले. उत्तरेला तोंड, कारण पूर्व-पश्चिमेला ठेवला तर सूर्य भिंगात शिरतो. उंची कमरेएवढी. वाट आडवी कापायची नाही, तिरकी धरायची, म्हणजे जनावर जास्त वेळ चौकटीत राहतं. मागे काटकीची पाचर, म्हणजे तोंड जरा खाली. समोरचं गवत कापायचं, नाहीतर वारा आला की डबा गवताचेच फोटो काढतो. अर्धा तास ते गुडघ्यांवर रांगत होते. हरीण होऊन स्वतःच कॅमेऱ्यासमोरून जात होते. ही खिडकीतून पाहत होती. ‘अहो, त्यांना चहा विचारा,’ म्हणाली, ‘आणि गुडघ्याला तेलही विचारा.’

पंधरा दिवसांनी बुवांनी कार्ड काढलं. दोन हजार तीनशे सोळा फोटो. बुवांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आम्ही तिघं त्यांच्या लॅपटॉपसमोर बसलो. पहिला फोटो कॅमेरा बांधणाऱ्या बुवांच्या पोटाचा; तो सगळ्या कार्डांवर पहिला असतोच. दुसरा, हिच्या हिरव्या सुती साडीचा. तिसराही. गणपतीनंतर धुतलेल्या साड्या दोरीवर वाळत होत्या, उन्हानं तापत होत्या, वाऱ्यानं हलत होत्या. ऊबदार आणि हलणारं, डब्याच्या मते ते जनावर. मी म्हटलं, पुढे ढकला. बुवांना हे असभ्य वाटलं. प्रत्येक फोटो पाहायचा असतो. त्यांनी पाहिला. हिरवी, जांभळी, काठाची, बिनकाठाची, दीड तास. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी दाखवला नसेल एवढा सोशिकपणा त्यांनी आमच्या वस्त्रप्रावरणांपुढे दाखवला. शेवटी शेवटी तर ‘ही मंगळवारची’ असं ते हिच्याआधी सांगू लागले. पहाटे सहा दहाचा एकच फोटो कामाचा निघाला: मांडवाखाली मागच्या पायांवर बसलेला गलेलठ्ठ ग्राउंडहॉग, तोंडात घेवड्याचं पान. हरीण निर्दोष सुटलं.

त्यानंतर मी बुवांच्या विश्वासातला झालो. एकदा रानात न्यायचंही ठरलं. ते रबरी बूट, रबरी हातमोजे घालून, अंगावर वास घालवणारा फवारा मारून आले. माझ्याजवळ येताच थबकले. ‘आज जेवणात काय होतं?’ आमटी होती. हिंगाची फोडणी. बुवांनी बोट ओलं करून वाऱ्याची दिशा पाहिली आणि मला गाडीतच बसवलं, काचा वर करून. माझ्यामुळे तो डोंगर आठवडाभर ओस पडेल असं त्यांचं मत होतं. हिला हे सांगितलं, तर तिला फोडणीचाच अभिमान वाटला.

गाडीत परतताना त्यांनी ट्रेल कॅमेऱ्याच्या मूळपुरुषाची कथा सांगितली. जॉर्ज शिरास. तेव्हा पिट्सबर्गला लागून असलेल्या ॲलेघनीत 1859 साली जन्मलेले, म्हणजे आपल्या पेनसिल्व्हेनियाचे. काही काळ काँग्रेसमध्येही होते. त्यांनी बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा उचलला. रात्री वाटेवर दोरा ताणून ठेवायचा. हरणाचा पाय लागला की भपकन उजेड, आणि हरणानं स्वतःचाच फोटो काढलेला. 1906 च्या जुलैत नॅशनल जिऑग्राफिकनं त्यांचे सत्तरच्या वर फोटो एका अंकात छापले. मासिकाचं चित्रांचं पुस्तक होतंय म्हणून संस्थेच्या मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले म्हणतात. ‘बायको अजून त्या दोघांच्या बाजूची आहे,’ बुवा म्हणाले.

मग माझ्यातला भारतीय उसळला. मी सांगितलं, की आमच्याकडे 1920 च्या दशकात चॅम्पियन नावाच्या जंगल अधिकाऱ्यानं याच युक्तीनं वाघांचे फोटो घेतले. आणि आता 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. मी थांबलो. बुवांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

‘सव्वीस हजार?’

‘आठशे अडतीस.’

बराच वेळ गेला. ‘सेल कोण बदलतं?’

मला माहीत नव्हतं. माझी राष्ट्रीय प्रतिष्ठा तिथेच घसरली. मी घाईनं सांगितलं, की वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात म्हणून समोरासमोर दोन-दोन कॅमेरे लावतात. बुवांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मनातल्या मनात दोन कॅमेरे बांधले. मग विचारलं, हंगाम कधी असतो?

हंगाम नाही म्हटलं. 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद.

‘मग एवढे कॅमेरे कशाला?’

‘मोजायला.’

बुवांनी गाडी पुन्हा सुरू केली. दोन वळणांनंतर म्हणाले, ‘ते ठीक आहे. मीही मुख्यतः मोजतोच.’

हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं हे बरं झालं. गेल्या अकरा हंगामांत बुवांनी एकही हरीण मारलेलं नाही, असं त्यांच्या बायकोनं हिला सांगितलं होतं. त्यांच्या घरी जे हरणाचं मटण असतं ते मेव्हण्याकडून येतं. मेव्हण्याकडे कॅमेरा नाही. तो झाडाखाली बसतो.

त्या साली बुवांची सगळी भिस्त एका नरावर होती. डाव्या शिंगाचा एक फाटा खाली, डोळ्याकडे वळलेला. त्यांनी त्याला ‘ओल्ड क्रूकी’ म्हटलं, हिनं ‘वाकडोबा’. आणि आश्चर्य म्हणजे बुवांनाही दुसरंच जिभेवर बसलं. त्यांचे दोन कॅमेरे फोनवर फोटो पाठवणारे आहेत. हंगामाच्या दिवशी ते फोन गाडीत बंद करून ठेवतात. हरीण कुठे उभं आहे ते फोनवर पाहून मारायला जायचं, ही त्यांच्या मते पेपर फोडून पास होण्याची तऱ्हा. ॲरिझोनानं 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायलाच बंदी केली, हे ते दुखावल्या चेहऱ्यानं सांगतात, पण त्यांची बाजू समजते, असंही म्हणतात.

शनिवारी पहाटे पाचला ते मचाणावर चढले. डोक्यापासून छातीपर्यंत कायद्यानं लागतो तो भडक नारिंगी रंग. हिच्या मते वारीला निघाल्यासारखे. संध्याकाळी परतले ते रिकामे, आणि फार खूश. मी विचारलं तर काही बोलेनात. डिसेंबरच्या मध्यावर त्यांचं नाताळचं कार्ड आलं तेव्हा उलगडा झाला.

कार्डावर सहा नंबरच्या कॅमेऱ्याचा फोटो. वेळ दुपारी बारा सात. अर्धी चौकट बुवांच्या नारिंगी खांद्यानं आणि एका कानानं व्यापलेली. मचाणावर बसल्या बसल्या त्यांना आठवलं होतं, की सहा नंबरचे सेल संपत आलेत. म्हणून ते उतरून बदलायला गेले, आणि डब्याचं झाकण लावून उठताना डब्यानं त्यांना टिपलं. खांद्यामागे, वीस पावलांवर, स्वच्छ उन्हात वाकडोबा उभा. मान जरा तिरकी. तो डब्याकडे पाहत नव्हता, बुवांकडे पाहत होता, सेल नीट बसले की नाही ते बघावं तसा. खाली सोनेरी अक्षरांत: आम्हा सर्वांकडून शुभेच्छा.

हिनं कार्ड आमच्या फ्रिजवर लावलं.

जानेवारीत नरांची शिंगं गळतात. ती शोधत फिरणं हा वेगळा षोक, आणि त्यासाठीही कॅमेरे लागतात. परवा बर्फातून बुवा आले, टोपी हातात धरून. वाकडोबाच्या खुरांचे ठसे आमच्या परसातून गेले आहेत. घेवड्याच्या मांडवाच्या खांबाला एक डबा बांधला तर चालेल का? मी हिच्याकडे पाहिलं.

‘बांधा म्हणावं,’ ही म्हणाली, ‘थंडीत मी साड्या बाहेर वाळत घालत नाही.’